स्लाइड-आउटवाला ट्रेलर: खोली बाहेर कशी काढायची नि आत कशी घ्यायची

गाडीमागं ओढायचा, आत राहायची सोय असलेला ट्रेलर घेऊन पन्हाळा नाहीतर गगनबावड्याकडं मुक्कामाला जायचं म्हटलं की पहिली अडचण जागेची. रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर चालत नाही, अमेरिकेतसुद्धा साधारण तेवढीच, १०२ इंच, मग त्यात ओटा, पलंग, बाथरूम बसवलं की चार माणसांना मांडी घालून बसायला जागा उरत नाही. म्हणून भिंतीचा एक अख्खा तुकडा सोफा-टेबलासकट बाहेर सरकवायची सोय केलेली असते, त्यालाच स्लाइड-आउट म्हणायचं. बटण दाबलं की मिनिटभरात खोली दोन-तीन फुटांनी वाढते, पण ते बटण कधी दाबायचं नि कधी दाबायचं नाही हे नीट समजून घ्या, कारण बिघाड झाला तर तो बहुतेक याच दोन गोष्टींवरून होतोय.

आधी आतलं काम बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यानं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवलाय त्याला हे एका मिनिटात कळंल. लेथची चाकी फिरवली की खालच्या दातेरी पट्टीवर, म्हणजे रॅकवर, पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक फिरतं नि हत्यार धरणारी कॅरेज पुढं जाते, बरोबर? रॅक-पिनियनची स्लाइड तशीच चालते, फक्त चाकीच्या जागी १२ व्होल्टची मोटर असते. दुसरा प्रकार हायड्रोलिक, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा जॅक जसा तेलाच्या दाबानं उचलतो तसाच, हा मोठ्या नि जड स्लाइडला वापरतात. तिसरा केबलचा, चारी कोपऱ्यांत तारा आणि एक मोटर. आणि चौथा श्विंटेक नावाचा, यात दोन्ही बाजूंना वर नि खाली दातेरी पट्ट्या नि एकेक वेगळी मोटर असते, वजनाला हलका, म्हणून लई ट्रेलरमध्ये दिसतो. आपल्याकडं यातलं कुठलं आहे हे ट्रेलरसोबत आलेल्या पुस्तकात बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. घरातल्या लाकडी कपाटाचा मोठा खण एकाच कडीनं ओढून बघा, तिरका होतो नि अडकतो, मग जितकं ओढाल तितका जास्त आवळतो. स्लाइडचं अगदी तसंच आहे. दोन्ही बाजू सारख्या सरकल्या पाहिजेत, बस्स. ट्रेलर उतारावर असंल तर सांगाडा पिळला जातो नि एक बाजू मागं राहते, बॅटरी उतरलेली असंल तर एक मोटर जोरात नि दुसरी दमलेली चालते. राधानगरी रोडला एका शेतात आमचं हेच झालं, जागा सपाट दिसत होती म्हणून पाणसळ लावलीच नाही, बॅटरी ११.८ व्होल्टवर होती तेही बघितलं नाही, नि स्लाइड अर्ध्यात आल्यावर मागची कड चार बोटं मागं राहिली. मी बटण दाबतच राहिलो, ती सगळ्यात मोठी चूक. कडेचं रबर फाटलं नि अंधार पडेपर्यंत आम्ही हातानं ढकलत बसलो होतो.

तर असं करा. चाकांना दोन्हीकडनं ठोकळे लावा, मग गवंड्याची पाणसळ आतल्या फरशीवर आडवी नि उभी ठेवून ट्रेलर सपाट करा. कोपऱ्यातले जॅक आधी टेकवायचे का स्लाइड काढल्यावर, हे मॉडेलनुसार बदलतं, पुस्तकातलंच ऐका, पण जॅकवर ट्रेलर उचलून सपाट करायचा नाही, ते फक्त हलू नये म्हणून असतात. बॅटरी १२.४ च्या खाली असंल तर आधी चार्ज करा, नाहीतर बाहेरची लाइट जोडा. प्रवासात स्लाइड सरकू नये म्हणून लावलेले आडवे दांडे काढले का बघा. आत खुर्ची, चप्पल, उघडा ड्रॉवर, पोरांची खेळणी, यातलं काही वाटेत नको, आणि बाहेर एक माणूस उभा करा, झाडाची फांदी, बांधाचा दगड, शेजारची गाडी बघायला.

मग बटण दाबा नि सोडू नका. थोडं काढलं, थांबलं, परत थोडं, असं अजिबात नको. श्विंटेकला तर दोन्ही मोटरी फेऱ्या मोजून एकमेकींशी जुळवून घेत असतात, मधेच सारखं थांबवलं की मोजमाप चुकतं. शेवटपर्यंत गेल्यावर मोटर आपोआप थांबेपर्यंत दोन-चार सेकंद बटण धरूनच ठेवा. हायड्रोलिकला पंपाचा आवाज बदलला की सोडा. पण मधेच करकर आवाज आला नि एक कड मागं दिसली तर लगेच थांबा, उलटं बटण दाबून परत आत घ्या, कारण शोधा, मगच पुन्हा.

आत घेताना एक काम माणसं विसरतात. शिडीनं वर जाऊन स्लाइडच्या छतावर बघा, पाला, काड्या, पाणी. गगनबावड्याच्या पावसात तर पाणी साठलेलं असणारच, ते झाडूनं ओढून टाका, नाहीतर सगळं तुमच्या सोफ्यावर. कडेच्या रबराची पाळ आत दुमडली असंल तर हातानं सरळ करा. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, फुगतं नि खराब होतं, रबर कंडिशनरच वापरा. दातेरी पट्टीला सुका सिलिकॉन स्प्रे, कारण ग्रीसला धूळ चिकटून त्याचा लेप होतो.

बटण दाबूनही हललंच नाही तर पहिल्यांदा फ्यूज, मग बॅटरीचं अर्थिंग. ते ठीक असंल तर हातानं फिरवायची चावी असते, पण रॅक-पिनियनच्या बऱ्याच मोटरींना ब्रेक असतो, तो सोडल्याशिवाय काहीच फिरणार नाही, नि आत घेऊन झाल्यावर तो परत लावायचा. नाही लावला तर घाटातल्या वळणावर खोली आपोआप बाहेर सरकायला लागंल. म्हणून निघायच्या आधी ब्रेक, आडवे दांडे, नि चारी बाजूची फट एकसारखी आहे का, एवढं बाहेरनं फेरी मारून बघा नि मगच गाडी काढा.