ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये शिडाच्या नौकेने आठवडाभर: मार्ग कसा आखावा, काय पाहावे

कॅरिबियन समुद्रात स्वतः नौका घेऊन फिरण्यासाठी ब्रिटिश व्हर्जिन बेटांइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. टॉर्टोला, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हॅन डाइक आणि अनेगाडा ही मुख्य बेटे व त्यांच्या आसपासची लहान बेटे सर फ्रान्सिस ड्रेक सामुद्रधुनीच्या दोन्ही अंगांना अशी वसली आहेत की, अनेगाडाचा अपवाद सोडल्यास, पुढचे बेट बहुतेक वेळा डोळ्यांना दिसत असते. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम फूटभर असतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या खाड्यांत वावरलेल्या माणसाला येथील पाणी फारच स्थिर वाटते. तरीही मार्ग आखताना स्थळांच्या यादीपेक्षा वारा आणि ऊन यांचा विचार आधी करावा.

वारा वर्षभर साधारणपणे पूर्वेकडून वाहतो, आणि डिसेंबर-जानेवारीत तो बराच जोर धरतो. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ असल्यामुळे (सप्टेंबर 2017 मधील इर्मा वादळाने या बेटांची दैना केली होती) डिसेंबर ते एप्रिल हे महिने निवडलेले बरे. नौकानयनाचा पुरेसा अनुभव नसेल, तर नौकेबरोबर कप्तानही भाड्याने घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. अनुभव असला तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) येथे उजव्या हाताला ठेवायचा असतो, म्हणजे भारतातील पद्धतीच्या नेमका उलट. सेंट थॉमसमार्गे फेरीबोटीने येणार असाल, तर ते बेट अमेरिकेचे असल्याने अमेरिकेचा व्हिसा लागतो. चलन मात्र दोन्हीकडे डॉलरच आहे.

टॉर्टोलावरील रोड टाउनहून निघाल्यावर पहिला मुक्काम नॉर्मन बेटावर करावा, कारण अंतर थोडे असते आणि नवख्या मंडळींना शिडाच्या दोऱ्यांची सवय होते. तेथील समुद्रगुहांमध्ये स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून पोहत आत जाता येते. दुसऱ्या दिवशी सॉल्ट बेटाजवळ ‘ऱ्होन’ या टपालवाहू जहाजाचे अवशेष पाहावेत. 29 ऑक्टोबर 1867 रोजी चक्रीवादळात खुल्या समुद्राकडे निसटण्याचा प्रयत्न करताना हे जहाज खडकावर आदळले, थंड पाणी तापलेल्या बॉयलरमध्ये शिरून स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. पुढचा भाग सुमारे 80 फूट खोल असल्याने तो हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारणाऱ्यांसाठीच आहे. मागचा भाग मात्र उथळ पाण्यात आहे, आणि पाणी निवळ असेल तर जहाज पुढे ढकलणारा प्रचंड पंखा वरूनही ओळखता येतो. हा भाग संरक्षित आहे, म्हणून येथे नांगर टाकू नये आणि तळाची कोणतीही वस्तू उचलू नये.

व्हर्जिन गोर्डावरील ‘द बाथ्स’ हे या प्रवासातले सर्वांत गर्दीचे ठिकाण आहे, आणि ती गर्दी अनाठायी नाही. हंपीच्या टेकड्यांवर दिसतात तशा अजस्र ग्रॅनाइटच्या शिळा येथे थेट समुद्रात एकमेकींवर रेललेल्या आहेत. त्यांच्या फटींतून वाकून, कोठे लाकडी शिडीने, तर कोठे दोर धरून पुढे सरकावे लागते. मध्येच छताच्या भेगेतून ऊन तळ्यावर पडते आणि पाण्याखालच्या वाळूचा कण न् कण दिसू लागतो. ही वाट डेव्हिल्स बे येथे संपते. नौका बांधण्याच्या दिवसाच्या बोयांवर दीड तासाचीच मर्यादा असल्याने सकाळी लवकर पोहोचावे. किनाऱ्यावर लाल निशाण असेल, तर पाण्यात उतरू नये. लहान होडी दोराला बांधून पोहतच किनारा गाठायचा असल्यामुळे मोबाइल आणि पैसे जलरोधक पिशवीत ठेवावेत.

अनेगाडाला जाण्याचा बेत मात्र हवामान पाहूनच करावा. इतर बेटे डोंगराळ आहेत, तर हे प्रवाळाचे असून त्याची सर्वाधिक उंची 30 फुटांच्याही आत आहे. त्यामुळे ते अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि हॉर्सशू रीफ या विस्तीर्ण प्रवाळभिंतीवर आजवर असंख्य जहाजे फुटली आहेत. व्हर्जिन गोर्डाच्या नॉर्थ साउंडमधून सकाळीच निघावे, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना प्रवाळाचा तपकिरी रंग वाळूच्या फिकट हिरव्या रंगापासून वेगळा ओळखता येतो. पाण्यावरची चमक कमी करणाऱ्या ध्रुवीकृत काचांचा चष्मा येथे चैनीची नव्हे, गरजेची वस्तू आहे. बेटावर लॉब्लॉली बेचा किनारा आणि खारट तळ्यांतील रोहित पक्षी पाहावेत. रात्री निखाऱ्यांवर भाजलेला लॉब्स्टर हवा असेल, तर मागणी दुपारीच नोंदवावी. किनाऱ्यावर मँचिनील झाडाची सफरचंदासारखी हिरवी फळे दिसली, तर त्यांना हात लावू नये. पावसात त्या झाडाखाली उभे राहिले, तरी चिकाने कातडी भाजते.

परतीचा रस्ता वाऱ्याबरोबरचा असल्याने योस्ट व्हॅन डाइक शेवटी ठेवावे. व्हाइट बेचा किनारा दिवसा अप्रतिम आहे, पण हिवाळ्यात उत्तरेकडून लाटा आत शिरू लागल्या की तेथे नौका रात्रभर हेलकावते. म्हणून दुपारी मनसोक्त पोहून मुक्कामाला शेजारच्या ग्रेट हार्बरमध्ये जावे, तेही बोये भरण्याआधी, उन्हे कलण्याची वाट न पाहता.