मॅरेथॉनच्या रविवारी कॉफी किती आणि केव्हा

मुंबई मॅरेथॉनसाठी बिब (छातीवरचा नंबर), वेळ मोजणारी चिप, मोजे यांची यादी सगळेच करतात. कॉफीची कोणी करत नाही, म्हणून ही.

तीन आठवडे आधीच्या लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब धावेला, कॉफी घेऊन बघा. पोटाला मानवते का ते तिथेच कळेल. माप वजनावर ठरवा. किलोमागे 3 मिलिग्रॅम कॅफिन पुरतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180. दोन ग्रॅम इन्स्टंट कॉफीत साधारण 60 मिलिग्रॅम असतं, घरच्या कपभर चहात 30 ते 50. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवरचा आकडा वाचून घ्या. जास्त घेतलं की हात थरथरतात, पोट बिघडतं. रक्तदाब असेल, ठोके चुकत असतील किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मनात अपराधी भाव मात्र नको: 2004 साली ही मॅरेथॉन सुरू झाली, त्याच वर्षी कॅफिन उत्तेजकांच्या बंदी यादीतून निघालं.

शनिवारी दुपारनंतर चहा बंद. निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही रक्तात असतं आणि झोप त्या रात्री तशीही अपुरीच होते. रविवारी सुरुवातीच्या तासभर आधी कॉफी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 42 किलोमीटर धावताना स्नायू इंटरल्युकिन-6 हे दाहाशी निगडित संदेशवाहक प्रथिन रक्तात सोडतात, कधी नेहमीच्या शंभरपट. त्याच्या पाठोपाठ दाह आवरणारं इंटरल्युकिन-10 वाढतं. कॅफिनने अॅड्रिनलिन वाढतं, आणि काही प्रयोगांत ही दोन्ही इंटरल्युकिनंही आणखी थोडी चढलेली दिसली. थोडक्यात, कॉफीने अंग आंबायचं टळत नाही. पेडर रोडच्या चढावर दुखणं कमी जाणवतं, एवढंच. इंटरल्युकिन-6 ची उसळी कमी ठेवायची असेल तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं घ्या. एनर्जी जेल, खजूर, केळं, जे सरावात पचलं ते. आयबुप्रोफेनची गोळी खिशात ठेवूच नका. घामाने पाणी कमी झालेल्या अंगात ती मूत्रपिंडावर ताण आणते. कितीतरी जण 'खबरदारी' म्हणून ती घेऊन उभे राहतात, ते पाहून जीव कळवळतो.

धावून झालं की आधी पाणी आणि जेवण. संध्याकाळचा चहा टाळा, कारण स्नायूंची डागडुजी झोपेत होते. त्या आठवड्यात रक्ततपासणी ठेवू नका. सीआरपी (दाहाची खूण) आणि सीके (स्नायूंच्या झिजेची खूण) वाढलेलेच येतील. पण लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.