सोलापुरात फोटो-व्हिडिओ चालू करायचेत? आधी माईक घ्या, कॅमेरा नंतर

कुठला कॅमेरा घेऊ, हा प्रश्न नवीन पोरं सारखी विचारतात आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. हातात आहे तोच फोन ठेवा, पहिले पैसे माईकवर घाला. चित्र थोडं कमीजास्त असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की लगेच पुढं ढकलतात. त्यात आपल्या गावात यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते कळत नाही, तिथं फोनचा माईक बिचारा काय करणार.

तर पहिली खरेदी म्हणजे वायरवाला कॉलर माईक. बोया एम१ सारखा हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर असते त्यामुळं माणसाला खुर्चीत बसवून तुम्ही लांबून शूट करू शकता. घेताना पिन नीट बघा, फोनच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात आणि कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. एम१ ला मधे एक डबी असते, तिच्यावरचा स्विच फोनला लावताना फोनवर आणि कॅमेऱ्याला लावताना कॅमेऱ्यावर पाहिजे, कॅमेऱ्यासाठी आत एलआर४४ सेल लागतो. फोनला गोल जॅकच नसेल तर टाईप-सी कनेक्टर घ्यावा लागेल, पण कुठलाही स्वस्तातला चालतोच असं नाही, दुकानातच लावा, दोन वाक्यं रेकॉर्ड करा, ऐका, मगच पैसे द्या. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी वारा असतो, त्यासाठी माईकवर केसाळ टोपी पाहिजेच, नुसत्या स्पंजनं भागत नाही.

आणि चालू मागाशेजारी मुलाखत घेऊच नका. कामगाराला चहाच्या सुट्टीत बाहेर अंगणात बसवा, शांतपणे बोलू द्या, मराठी तेलुगू कन्नड जे त्याच्या तोंडात येईल त्यात बोलू द्या. मागाचा आवाज वेगळा एक-दोन मिनिटं सलग रेकॉर्ड करा आणि एडिटिंगला बोलण्याच्या खाली बारीक करून ठेवा. बघणाऱ्याला कारखाना पण ऐकू येतो आणि माणूस पण.

आता ते पट्टे. शेडमध्ये व्हिडिओ काढला की काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात, आणि बरेच जण फोन खराब आहे समजून नवीन घ्यायला निघतात! आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुनी ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे चित्रं घेतो आणि शटर, म्हणजे एका चित्राला किती वेळ उजेड घ्यायचा ते, स्वतःच बदलत राहतो. उपाय फुकट आहे, २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, म्हणजे लुकलुकण्याशी मेळ बसतो. आयफोनमध्ये सेटिंग्जमधे कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथं पॅल फॉरमॅटचा पर्याय चालू केला की २५ फ्रेम दिसायला लागतात. अँड्रॉइडला प्रो मोड (शटर वगैरे हातानं ठरवायची सोय) बघा, नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप तुमच्या फोनवर चालतंय का बघा. फोटो काढायचा असेल तर १/१००. धावता धोटा गोठवायचा तर १/५०० किंवा त्याहून जास्त शटर लागतं, तिथं ट्यूबलाईट साथ देणार नाही, मग दारापाशी किंवा छतातल्या काचेखाली असलेला माग निवडा. तसाही तो उजेड जास्त देखणा असतो, बाजूनं आला की ताणलेला एकेक धागा वेगळा दिसतो आणि हवेतले कापसाचे बारीक तंतू चमकतात. पुढं कॅमेरा घेतलात तर तेच तंतू लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या आत जातात, म्हणून शेडमध्ये लेन्स बदलायची नाही, बाहेर आल्यावर रबरी ब्लोअरनं साफ करायची, तोंडानं फुंकर अजिबात नको.

रिफ्लेक्टर विकत घेऊ नका एवढ्यात, चेहऱ्याच्या काळ्या बाजूला पांढरी चादर खिडकीकडं तोंड करून धरली की ती बाजू उजळते. ट्रायपॉड मात्र जड बघून घ्या.

एवढं वापरून हात बसला की मग कॅमेरा. जुना क्रॉप सेन्सरवाला (चित्र टिपणारी आतली चिप जरा लहान असलेला) आणि त्याला ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तर भोक मोठं), घराघरात चेहरे टिपायला मस्त जोडी आहे, फक्त छोट्या खोलीत ५० फार जवळ वाटते म्हणून कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स विकून टाकू नका. जुना माल घेताना लेन्समधून टॉर्च मारा, आत जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. शटर काउंट (आतापर्यंत किती वेळा शटर उडालंय तो आकडा) विचारा, बिल मागा.

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल म्हणून कुणी मोठी झूम विकत घेत असेल तर थांबा. माळढोक आता फार दुर्मिळ झालाय, काळवीट मात्र दिसतात, त्यासाठी १५०-६०० एमएमची झूम लेन्स दिवसाच्या भाड्यानं आणा, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना विचारलं तर पत्ता लागतो. वनखात्याची परवानगी आधी काढा आणि जनावराच्या मागं गाडी घालू नका.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाराबंदी या पारंपरिक पोशाखातले लोक पांढरेशुभ्र, अख्खी फ्रेम पांढरी झाली की कॅमेरा फसतो आणि कपडे राखाडी करतो, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, अर्धा-एक स्टॉप वर न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८, शटर दोन ते चार सेकंद, इथून सुरुवात करा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो, फोन तापून रेकॉर्डिंग बंद पडतं. सकाळी नऊच्या आत शूट उरका, बॅटऱ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. ड्रोन आणायचा विचार असेल तर होटगी रोडचा विमानतळ लक्षात ठेवा आणि आधी ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा, सरकारच्या डिजिटल स्काय साईटवरचा नकाशा बघा.

शिकायला काय, तर पहिलं म्हणजे तुमच्याच कॅमेऱ्याचं मॅन्युअल, कंपनीच्या साईटवर फुकट पीडीएफ मिळते आणि कुणी वाचत नाही. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते, तिची ट्रेनिंगची पुस्तकं आणि सरावाचं फुटेज पण ती बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या साईटवर फुकट आहे, फक्त कॉम्प्युटर जरा दणकट लागतो. फोटो सुधारायला कॉम्प्युटरवर डार्कटेबल, फोनवर स्नॅपसीड. पैसे घालून शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचे छोटे कोर्स असतात, त्यांच्या साईटवर लक्ष ठेवा. यूट्यूब बघा पण एका वेळी एकच माणूस धरा, आणि व्हिडिओ संपला की त्याच दिवशी नवी पेठेत जाऊन तेवढी एकच गोष्ट करून बघा.

मेमरी कार्ड व्ही३० लिहिलेलं (वेगाची खूण) घ्या, १०० एमबीपीएसनं रेकॉर्ड होणारा ४के व्हिडिओ ६४ जीबीत साधारण सव्वा तास बसतो. आणि दोन वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, लग्नाचं काम असेल तर अजिबातच नाही.