दिवसभर घरी एकट्या राहणाऱ्या कुत्र्यासाठी करावयाची तयारी

घरातील सर्व माणसे सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणार असतील आणि मागे बॉर्डर कॉली, हस्की, बीगल किंवा लॅब्रॅडोर यांच्यासारखा अंगात रग असलेला कुत्रा राहणार असेल, तर तयारीच्या यादीत सर्वांत वर दुपारी घरी येणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. खेळणी, कॅमेरा, पिंजरा यांचा विचार त्यानंतर. धडधाकट प्रौढ कुत्रा साधारण 6 ते 8 तास लघवी रोखू शकतो, पण रोखता येते म्हणून ती रोज रोखायला लावणे योग्य नव्हे. पिल्लांच्या बाबतीत वयाचे जितके महिने, त्याहून एक तास अधिक, असा ढोबळ हिशेब धरला जातो. म्हणजे 3 महिन्यांच्या पिल्लाला फार तर 4 तास. दुपारी येणारी व्यक्ती शेजारची असो, नात्यातली असो किंवा पैसे घेऊन कुत्री फिरवणारी असो, तिच्या पहिल्या दोन-तीन भेटी घरचे कोणीतरी हजर असतानाच व्हाव्यात, कारण मालकासमोर पाहुण्याचे हात चाटणारा कुत्रा रिकाम्या घराचे कुलूप उघडणाऱ्या त्याच पाहुण्यावर गुरगुरू शकतो. किल्ली कोठे आहे, गळपट्टा व दोरी कोणत्या खुंटीवर आहे आणि दार उघडताच कुत्रा फटीतून बाहेर धूम ठोकतो का, हे त्या व्यक्तीला आधीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट आदल्या रात्रीची. कुत्रा ज्या खोलीत राहणार आहे, तेथे एकदा गुडघ्यांवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून नजर फिरवावी; उभ्याने न दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू तेव्हा दिसतात. विजेच्या तारा, पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या, औषधांची पाकिटे, मोजे आणि झाकण नसलेली कचऱ्याची बादली यांची व्यवस्था लावावी. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये घातले जाणारे झायलिटॉल हे पदार्थ कुत्र्यांना विषारी आहेत, तेव्हा ते बंद कपाटातच असावेत. खाऊची रिकामी प्लॅस्टिक पिशवीसुद्धा निरुपद्रवी नसते: तळाशी उरलेले कण चाटण्यासाठी कुत्रा तोंड आत घालतो, ते अडकते आणि सोडवायला घरात कोणी नसते.

सकाळच्या फेरीविषयी अनेकांचा एक गैरसमज असतो. कुत्र्याला पळवून पळवून दमवले की तो दिवसभर झोपेल, असे मानून लोक त्याच्याकडून तासभर चेंडू आणवतात आणि त्याला धापा टाकत असतानाच घरात सोडून निघून जातात. अशा कुत्र्याचे अंग थकलेले असते, पण तो उत्तेजित असतो आणि शांत व्हायला त्याला बराच वेळ लागतो. शिवाय रोज अधिकाधिक पळवत गेल्याने त्याचा दम वाढत जातो आणि काही महिन्यांनी तोच तासभर अपुरा पडू लागतो. म्हणून फेरीचा निदान अर्धा भाग कुत्र्याच्या नाकासाठी ठेवावा. दोरी सैल सोडून त्याला प्रत्येक खांब आणि झुडूप हवा तितका वेळ हुंगू द्यावे. ज्याला ही चाल कंटाळवाणी वाटते, त्याने थोडे लवकर उठावे, यावर दुसरा उपाय नाही. फेरी निघण्याच्या किमान अर्धा तास आधी संपवावी, म्हणजे पाणी पिऊन आडवे व्हायला त्याला सवड मिळते. भरपेट जेवणानंतर लगेच जोराचा व्यायाम देऊ नये. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो प्रसंग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

एकट्याने काढायच्या वेळेसाठी त्याच्या नाकाला आणि जबड्याला काम ठेवावे. नेहमीच्याच खाद्याचा काही भाग वाडग्यात न वाढता पोकळ रबरी खेळण्यात दाबून रात्री फ्रीझरमध्ये ठेवला, तर तो चाटून संपवायला बराच वेळ लागतो. कोरड्या खाद्याचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवले तरी चालते. जबड्यात मावून घशात अडकेल इतके लहान किंवा तुकडे पडणारे खेळणे मात्र माणूस समोर असतानाच द्यावे. सगळी खेळणी एकाच वेळी न मांडता दोन-तीन ठेवून बाकीची लपवावीत आणि चार दिवसांनी अदलाबदल करावी.

पाणी दोन जड भांड्यांत, दोन ठिकाणी ठेवावे, कारण एक हमखास उपडे होते. दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, उष्ण हवेत त्याहून अधिक. सकाळी गार असलेली खोली दुपारच्या उन्हात तापत असेल, तर ती खोली बदलावी. पग किंवा बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णता विशेष सोसत नाही.

आता राहिला सरावाचा भाग, आणि नेमका हाच घाईत गाळला जातो. किल्ल्यांचा आवाज, बूट, खांद्यावरची बॅग या खुणांवरून कुत्र्याला निघण्याची चाहूल लागते. म्हणून सुट्टीच्या दिवशी बूट घालून पुन्हा खुर्चीत बसावे, किल्ल्या उचलून परत ठेवाव्यात. मग खरोखर बाहेर पडून 2 मिनिटांत यावे, नंतर 5, नंतर 15, आणि तो अस्वस्थ होण्यापूर्वीच परतावे. पहिल्या तासाचे चित्रण अवश्य पाहावे. अधूनमधून भुंकून मग झोपणारा कुत्रा ठीक आहे. दार ओरबाडणे, सतत लाळ गाळणे, विव्हळत येरझारा घालणे, आवडत्या खाऊला तोंडही न लावणे ही विरहाच्या भीतीची लक्षणे आहेत; तेथे जादा व्यायाम किंवा मोठे खेळणे पुरे पडत नाही, पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण ही भीती बहुधा माणसाच्या जाण्याची असते, त्यामुळे कित्येकदा घरात एकाऐवजी दोन कुत्र्यांची चिंता सुरू होते.

दाराच्या आतल्या बाजूस एक कागद लावावा. त्यावर पशुवैद्याचा आणि घरातील दोघांचे क्रमांक, चालू औषधे, खाद्याचे माप आणि तातडीच्या उपचारांना मालकाची संमती असल्याचे वाक्य असावे.

संध्याकाळी परतल्यावर उशी फाडलेली दिसली, तरी रागावू नये. खाली मान घालून कान पाडलेला कुत्रा अपराधी वाटतो, पण तो आपला चढा आवाज आणि आविर्भाव पाहून तसा वागत असतो. काही तासांपूर्वी फाडलेल्या उशीशी त्या रागाचा संबंध त्याला जोडता येत नाही. कापूस गोळा करण्यापूर्वी त्याला बाहेर न्यावे.