पोहून आलेली गाडी: जुनी कार घेताना आणि पावसात सांभाळताना या चुका टाळा

आमच्या चुलतभावाने २०२१ च्या दिवाळीत जुनी गाडी घेतली. पुण्यातला एजंट, पेट्रोल हॅचबॅक, चार-साडेचार वर्षं वापरलेली, नंबर एमएच ०८. "साहेब, सिंगल हँड आहे. डॉक्टरांची गाडी," एजंट म्हणाला. (आजवर मी जेवढ्या जुन्या गाड्या बघायला गेलो, त्यातल्या निम्म्या डॉक्टरांच्या निघाल्या. उरलेल्या बँक मॅनेजरच्या.) गाडी चकाचक, सीटना नवी कव्हरं, इंजिन एका सेल्फमध्ये चालू. सव्वाचार लाखांना सौदा झाला.

फेब्रुवारीपर्यंत तक्रार नव्हती. मग डाव्या दरवाजाची काच आपोआप खाली यायला लागली. हॉर्न मनात असेल तर वाजायचा. मार्चमध्ये ताम्हिणीच्या एका वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं आणि मीटरवर तीन दिवे एकत्र पेटले. आमच्या मिस्त्रींनी पुढच्या सीट काढल्या, मॅटिंग उचललं. खाली नदीचा गाळ, वाळून पापड्या धरलेला. मिस्त्री म्हणाले, "दादा, ही गाडी पोहून आलीय."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली होती. चिपळूणच्या गाड्यांची नोंदणी रत्नागिरी आरटीओकडे, म्हणजे एमएच ०८. पूर जुलैचा, सौदा नोव्हेंबरचा. पेपरात आणि टीव्हीवर सगळं बघितलेलं असूनही आमच्यापैकी एकालाही प्रश्न विचारावासा वाटला नाही. ही पहिली चूक, आणि तिच्यात मीही होतो.

उलट बाजूही सांगतो. एमएच ०८, सांगलीचा १० किंवा कोल्हापूरचा ०९ दिसला की गाडी बुडालेलीच, असं समजणं हा त्या गावांतल्या लोकांवर अन्याय आहे. आणि पुण्याचा एमएच १२ आहे म्हणून निर्धास्त होणं हा स्वतःवर. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलंच होतं. नंबर फक्त एवढंच सांगतो की कुठल्या वर्षाचं काय विचारायचं.

बुडालेली गाडी बाजारात येते कशी

हे गणित कळलं की पुढचं सोपं जातं. विम्यात गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही दरवर्षी घटते. चार वर्षं उलटली की ती मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी कंपनी आयडीव्हीचे पैसे देऊन मोकळी. म्हणजे आठ लाखांच्या गाडीची आयडीव्ही चार लाख, आणि तीन लाखांचं बिल झालं की खेळ संपला. पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर वायरिंग, इंजिन आणि कंट्रोल युनिट्स (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) मिळून तीन लाख व्हायला वेळ लागत नाही.

मालकाला पैसे मिळतात आणि गाडीचा सांगाडा लिलावात जातो. तो घेणारा कंपनीचे नवे पार्ट टाकत नाही. कपलर, म्हणजे वायरींचे जोड, उघडून साफ करतो, भंगारातला अल्टरनेटर बसवतो, मॅटिंग धुतो किंवा बदलतो, पॉलिश मारतो. आपल्याकडे आरसीवर "पुरात बुडाली होती" असा शेरा येत नाही. त्यामुळे ती गाडी दसरा-दिवाळीच्या गिऱ्हाइकीत इतर गाड्यांच्या रांगेत उभी राहते.

आणि ती तेव्हा चालतेही छान. कारण ओल लगेच काही मोडत नाही. कपलरमधल्या तांब्याच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा गंज चढायला महिने लागतात. मग एकेक संपर्क तुटायला लागतो, तोही कधी जोडलेला, कधी तुटलेला. म्हणून अशा गाडीचा आजार एका जागी सापडत नाही. आज काच, उद्या हॉर्न, परवा एअरबॅगचा दिवा. गॅरेजवाला एक दुरुस्त करून देतो आणि आठवड्यात दुसरं निघतं. तुमच्या गाडीत असे असंबद्ध विजेचे दोष एकामागून एक येत असतील, तर पार्ट बदलत बसण्याआधी मॅटिंग उचलून बघा.

डोळ्यांनी गाडी बघू नका

विकणारा जे दिसतं ते सगळं साफ करतो. आपण जिथे कुणी हात घालत नाही तिथे घालायचा. मी जाताना तीन गोष्टी नेतो: टॉर्च, जुना पांढरा रुमाल आणि एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर.

सीटबेल्ट पूर्ण ओढा. अगदी शेवटपर्यंत, अडेपर्यंत. धुतलेली गाडी असली तरी गुंडाळीच्या आतला शेवटचा हातभर पट्टा धुवायचं बहुतेकांना सुचत नाही. त्यावर ओला रुमाल फिरवा. भावाच्या गाडीत रुमालाला विटकरी रंग लागला आणि पट्ट्यावर आडवी, सरळ, तपकिरी रेघ दिसली. पाणी कुठवर उभं होतं त्याची खूण. तीस सेकंदांचं काम होतं, आम्ही ते चार महिने उशिरा केलं. चारही बेल्ट बघा आणि एकच बेल्ट नवाकोरा असेल तर का ते विचारा.

मग डिकीतली स्टेपनी काढा. खालच्या खोबणीत बारीक गाळ किंवा गंजाचे डाग आहेत का? जॅकची अवस्था काय? त्यानंतर ड्रायव्हरच्या पायाशी आडवे होऊन डॅशबोर्डच्या खालच्या पोटात टॉर्च मारा. तिथल्या लोखंडी पट्ट्यांना कुणी पॉलिश करत नाही. गंज पायरीसारखा एका उंचीपर्यंतच असेल, तर ती दुसरी रेघ समजा. सीट ज्या बोल्टनी बसवलेल्या असतात त्यांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे म्हणजे सीट निघाल्या होत्या. का निघाल्या, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

हेडलाइटच्या आत बाष्प, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी माती, बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये हिरवट पिना. हे दोन मिनिटांत बघून होतं. गाडीच्या पोटाला नुकताच काळा कोटिंगचा थर मारलेला असेल तर मी जास्त सावध होतो. जुन्या गाडीवर एवढं प्रेम कशाला?

वास मात्र सावकाश घ्या. तीन-तीन परफ्यूमच्या बाटल्या लटकत असतील तर त्या बाहेर ठेवा, काचा बंद करा, हवा आतल्या आत फिरण्याचं बटण दाबा आणि हीटर फुल करून दहा मिनिटं बसा. एसी नको, हीटर. ओला फोम गरम झाला की कुबट वास वर येतोच. एजंट म्हणेल, "साहेब, उन्हाळ्यात हीटर?" म्हणू द्या.

एक गोष्ट फार थोडे लोक बघतात. किल्ली ऑन केली की, इंजिन सुरू व्हायच्या आधी, एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटतच राहिला तर दोष आहे. मुळी पेटलाच नाही, तर बहुधा कुणीतरी तो दाबून टाकलाय, आणि ते जास्त वाईट. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरच्या दांड्याच्या आसपास, फरशीवरच बसवलेलं असतं. म्हणजे पाणी गुडघाभर चढायचीही गरज नाही. शंका असेल तर ओळखीच्या मिस्त्रीकडे स्कॅनर लावून घ्या. तीन-चार वेगवेगळ्या युनिट्सनी एकमेकांशी संपर्क तुटल्याचे कोड दाखवले, तर चहा पिऊन घरी परत या.

कागद वाचायची चूक

बहुतेक जण आरसी बघतात, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत जुळवतात. ते करायचंच. पण पुराची गोष्ट आरसी सांगत नाही. ती विम्याचे जुने कागद सांगतात.

मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, टक्क्यांतला आकडा बघा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. ३५ वरून एकदम शून्यावर आला असेल, तर आधीच्या वर्षी क्लेम झालाय. कसला, ते विचारा. (मालक बदलला तरी तो शून्य होतो, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तेव्हा तारखा जुळवून मगच वाद घाला.) पॉलिसी ऑगस्टपासून चार-पाच महिने गायबच असेल, तर त्या काळात गाडी कुठे होती हा प्रश्न आणखी मोठा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला जुना इतिहासही मालकाला सोबत नेऊन मागता येतो. मालक यायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच.

नावावर करण्याचं काम लांबवू नका. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. विकणाऱ्यालाही हे सांगतो: आरसीवर नाव तुमचं असेल तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

मग बुडालेली गाडी घेऊच नये का? माझं मत असं: पाणी फरशीपर्यंतच होतं, गोडं होतं, मालकाने स्वतःहून सांगितलं, बिलं दाखवली आणि भाव तसा लावला, तर विचार करावा. सीटच्या वर गेलं असेल तर नको. खाडीचं किंवा भरतीचं खारं पाणी असेल तर कितीही वर असो, नको.

आपलीच गाडी पाण्यात सापडली तर

इथे सगळ्यात महाग चूक एकच: सेल्फ मारणं.

पाणी इंजिनात शिरतं ते बहुतेकदा हवा खेचायच्या वाटेने. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त, त्यामुळे धोकाही जास्त. "बघू तरी चालू होते का" या एका वाक्याने मॅटिंग वाळवण्याचं काम इंजिन उघडण्यावर जातं.

वर विम्याचं दुखणं वेगळंच. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी असताना गाडी चालू केल्याने इंजिन गेलं, तर कंपनी म्हणते की हे पुराने नाही, तुम्ही केलं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं ॲड-ऑन लागतं. "आमचं झिरो डेप आहे" म्हणून लोक निवांत असतात. झिरो डेपचा याच्याशी संबंध नाही, ते पार्टच्या घसाऱ्यापुरतं. जुन्या गाडीला इंजिन प्रोटेक्ट मिळणं अवघड जातं, म्हणून मिळतंय तोवर घ्या.

गाडी पाण्यात उभी राहिली तर किल्ली काढा आणि पाणी उतरल्यावर दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर हे करू नका, हातही न लावता कंपनीच्या माणसाला बोलवा. शेजारच्या भिंतीवरची पाण्याची रेघ आणि गाडी एकाच फोटोत घ्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि त्यांचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत गाडी धुऊ नका. धक्का मारून चालू करणं हाही सेल्फच. दोरी लावून ओढू नका, ऑटोमॅटिक तर मुळीच नाही. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागवा.

गॅरेजमध्ये आधी डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल बघायची पट्टी, बघायला सांगा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. ऑइल काढून, प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून बघितल्यावरच सेल्फ. आणि आत फक्त पायाशी पाणी आलं असलं तरी सीट आणि मॅटिंग पूर्ण काढायला लावा. वरून ऊन दाखवून मॅटिंग कोरडं लागतं, खालचा फोम आठवडे ओला राहतो, आणि वायरिंगचा जुडगा बरोबर त्याच्या खालून जातो. पाण्यातून नुसती गाडी काढून आणली असेल तरी रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली वीट लावा.

भावाच्या गाडीचा शेवट सांगायचा राहिला. एजंटचा फोन बंद, दुकानात दुसराच माणूस. एक गिऱ्हाईक दीड लाखाला घ्यायला तयार होतं, पण खरं सांगितल्यावर गेलं. शेवटी गाडी भंगारात दिली. तीही नुसती ओढून नेऊ दिली नाही, कारण अशा गाडीची जिवंत आरसी उद्या दुसऱ्याच गाडीला लागू शकते. अधिकृत स्क्रॅप केंद्राचं सर्टिफिकेट घेतलं आणि आरटीओत आरसी रद्द करून आणली. सव्वाचार लाखांचे एकतीस हजार आले.