एका आकृतीच्या तीन केल्या, तेव्हा ती वाचता आली

पर्वरीत आमचं छोटं ऑफिस आहे. हॉटेल बुकिंगच्या सिस्टीमची अख्खी आकृती एकाच पानावर होती: 43 चौकोन आणि एकमेकांना छेदणारे बाण. नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "दादा, पैसे भरल्यावर खोली पक्की कोण करतं?" मला बोट ठेवून दाखवता येईना. बाण होता, पण त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

सायमन ब्राउन यांच्या सी-फोर मॉडेलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना टप्प्याटप्प्याने आकृत्यांत दाखवण्याच्या पद्धतीत, चार पातळ्या आहेत: संदर्भ, कंटेनर, कंपोनंट आणि कोड. (संदर्भ म्हणजे सिस्टीम आणि तिच्याभोवतीची माणसं व इतर सिस्टीम; कंटेनर म्हणजे स्वतंत्र चालणारं अ‍ॅप किंवा डेटाबेस; कंपोनंट म्हणजे त्याच्या आतले भाग.) मी पहिल्या तीनच घेतल्या. कोडची आकृती आठवडाभरात शिळी होते.

खरा फरक पडला तो बाणांमुळे. पेमेंट आणि बुकिंग यांच्यामध्ये आधी नुसती रेघ होती. आता तिथे लिहिलंय, ‘पैसे मिळाल्याचा मेसेज रांगेत टाकते’. क्रियापद लिहायला बसलो तेव्हा कळलं, बाणाची दिशाच उलटी होती! उत्तरासाठी थांबणाऱ्या कॉलला सलग रेघ, रांगेतल्या मेसेजला तुटक, आणि कोपऱ्यात खुणांची सूची. शोभेचे रंग काढून टाकले. आकृत्या आता प्लांटयूएमएलमध्ये (मजकुरातून आकृती काढणारं साधन) लिहिलेल्या असतात आणि कोडशेजारीच गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, राहतात.

परवा पणजीला जाताना बेतीच्या फेरीबोटीत त्याच नव्या मुलीने प्रिंटवर बोट फिरवत सगळा मार्ग सांगितला. रिफंडचा बाण राहून गेलाय, हेही तिनेच दाखवलं.