राष्ट्रीय राजकारणावर सदर लिहिताना

राष्ट्रीय घडामोडींवर साप्ताहिक सदर लिहू लागलेल्याला पहिले दोन-तीन महिने विषयांची चणचण भासत नाही, कारण मनात साचलेली मते तेवढी पुरतात. ती संपली की खऱ्या कामाला सुरुवात होते. म्हणून सदर हाती घेण्यापूर्वीच मूळ कागद वाचण्याची सवय लावून घ्यावी. संसदेत विधेयक मांडले गेले की त्याला जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन आधी वाचावे, मग एकेक कलम, आणि वाहिन्यांवरची चर्चा ऐकायचीच असेल तर त्यानंतर. सरकारने सांगितलेला हेतू निवेदनात कळतो. अधिकार नेमके कोणाच्या हाती जातात हे मात्र कलमांतच कळते. विशेषतः ‘विहित केल्याप्रमाणे’ हे शब्द जेथे दिसतील तेथे थांबावे, कारण तेथे तपशील ठरवण्याचे काम संसदेने सरकारच्या नियमांवर सोपवलेले असते.

निकालाच्या दिवशी लिहिताना सर्वाधिक संयम लागतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला सुमारे ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या; २०२४ मध्ये मते सुमारे ३६.६ टक्के होती, पण जागा २४० झाल्या आणि बहुमतासाठी लागणारा २७२ चा आकडा हुकला. केवळ जागा पाहणारा ‘जनतेने झिडकारले’ असे लिहील, केवळ टक्केवारी पाहणारा ‘जनाधार अबाधित’ असे लिहील, आणि दोघांचेही वाचन अपुरे असेल. अशा वेळी देशाचा आकडा बाजूला ठेवून राज्यांकडे वळावे. उत्तर प्रदेशात भाजपच्या जागा ६२ वरून ३३ वर आल्या, महाराष्ट्रात २३ वरून ९ वर. म्हणजे या दोन राज्यांतच मिळून ४३ जागा गेल्या. लेखाचा खरा प्रश्न तेथे सापडतो: या दोन राज्यांत असे काय घडले, जे इतरत्र त्या प्रमाणात घडले नाही?

वर्तमानाला जोडण्यासाठी पूर्वपीठिकेची एक वही ठेवावी. बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावी, हे कर्नाटकचे बडतर्फ मुख्यमंत्री बोम्मई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले. सभागृहातील पक्षाचे एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर त्यांचे सदस्यत्व वाचवणारी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यातील मुभा २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढली. अशा नोंदी हाताशी असल्या म्हणजे सत्तांतराच्या रात्रीही विधान चुकत नाही. मी स्वतः एकदा घाईत लिहिले होते की घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते पुरतात. त्याखेरीज सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही लागते, हे एका वाचकाने पत्र लिहून कळवले. पुढच्याच लेखात, पहिल्या परिच्छेदात, मी दुरुस्ती दिली. तळाशी बारीक अक्षरांत दिली असती तर ती मूळ चूक वाचलेल्या सर्वांपर्यंत पोहोचली नसती.

नेत्यांशी परिचय असावा, परंतु ज्याच्याकडून माहिती घेतली त्याचा हेतूही त्याच टिपणात लिहून ठेवावा. आरोप करताना कागद हाती असावा. बदनामी हा आजही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी गुन्हा आहे.

राहिला प्रश्न वृत्तपत्राशी असलेल्या नात्याचा. सामाजिक सुधारणांविषयीचे मतभेद मिटेनात, तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढले. प्रत्येकाला स्वतःचे पत्र काढता येत नाही. त्यामुळे अग्रलेखाच्या विरोधी भूमिका सदरात छापली जाईल का, आणि मजकुरात काटछाट करण्यापूर्वी लेखकाला विचारले जाईल का, या दोन गोष्टी संपादकांशी पहिला लेख देण्याआधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात, शक्यतो लेखी.